ओळीवर ओळ चढवताना

खालचा पाडा, ता. नवापूर
५ मे २०२४

चि. आशाला आबाचा सलाम.

पत्राला फार उशीर झाला. रागावू नकोस म्हणणार होतो, पण तू आधीच रागावून गेली आहेस. म्हणून एवढंच म्हणतो की त्या रागात या उशिराची भर घालू नकोस. नाताळ गेला, ईस्टर गेला, मोहाची फुलं वेचून वाळवूनही झाली. दर रविवारी चर्चमधून आलो की कागद घेऊन बसायचो आणि "चि. आशाला" एवढं लिहून पेनाला टोपण लावायचो. सुचत नव्हतं असं नाही. फार सुचत होतं, आणि त्यातलं निम्मं भांडणाचं होतं.

फोन करावा तर तू उचलत नाहीस. शिवाय फोनसाठी टेकडीवर चढायचं, तिथे वारा, आणि माझा आवाज चढला की खाली सगळ्या पाड्याला ऐकू जातं. तुझा दलपतकाका तर खालूनच ओरडून तुझ्या वतीने उत्तरं देतो. म्हणून पत्र. आपली बोली कागदावर नीट बसत नाही, म्हणून मिशनच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकवली ती मराठी लिहितो. तू एवढी शिकलीस, तुला चुका सापडतील. हसलीस तरी चालेल. हसलीस तर बरंच होईल.

तिकडे बंगळुरात जेवण वेळेवर होतं का? मागे म्हणाली होतीस की प्रयोगशाळेत फार गार ठेवतात. मे महिन्यात गार ठेवतात म्हणजे माणसांनी स्वेटर घालून बसायचं का? आईचं निळं स्वेटर तू नेलंस की इथेच आहे, मला सापडत नाही. सापडलं तर पाठवतो.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण तो नाताळातही दुखत होता. कौलं चाळायची वेळ आली आहे. माकडांनी यंदा छपराचं पूर्वेकडचं पाखं पार उधळून टाकलं. दलपत म्हणतो, "दादा, या वयात वर चढशील तर थेट देवाच्या अंगणात उतरशील." मी म्हटलं, "तुझ्या देवाच्या की माझ्या?" तर म्हणतो, "जो आधी झेलेल त्याच्या." असा हा तुझा काका. कालीकाकू त्याला म्हणाली, "देवाला काय दुसरं काम नाही, तुम्हा दोघांना झेलत बसायला?"

मला चढायची भीती नाही. भीती आहे ती मागच्या हाताची. वर बसलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही, तोल जातो. तो नजर रांगेवर ठेवतो, हात मागे करतो आणि म्हणतो, "दे, पुढचं दे." आणि हातात कौल यायलाच पाहिजे. तुझी आई शिडीवर उभी राहून द्यायची. गाणं म्हणत द्यायची, आणि गाण्याच्या नादात असूनही कधी हात रिकामा राहिला नाही. आता दलपत देतो. एक फुटकं, एक उलटं, आणि मध्येच तंबाखू मळायला बसतो.

डबीची काळजी करू नकोस. शाळेच्या नवलसिंग मास्तरांनी आईची गाणी भरून घेऊन, बदली होऊन जाताना माझ्या हातात ठेवली होती तशीच ती संगणकाला लावायची काळी डबी आहे. "योहानभाऊ, रूपीबाईंची सगळी गाणी यात आहेत, लग्नाची, पेरणीची, पाळण्याची, सांभाळा," एवढं बोलून ते गेले, ते आठवतं. मास्तरांच्या संगणकातलं केव्हाच उडालं. आई तर मातीत जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे तिचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी आहे, त्या डबीत. हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं म्हणूनच दिली नाही.

ते भांडण पुन्हा उगाळत नाही. फक्त माझी बाजू एकदा लिहून ठेवतो. तू खडूनं जमिनीवर गोल गोल ओळी काढून दाखवल्यास. म्हणालीस, डबीत तबकडी असते, तिच्यावर लोहचुंबकाच्या लेखणीनं ओळी लिहितात. लेखणी जाड आणि वाचणारा डोळा बारीक, म्हणून बरीच जागा वाया जाते. मग पुढची ओळ आधीच्या ओळीवर थोडी चढवून लिहायची, म्हणजे तेवढ्याच तबकडीत जास्त मावतं. आणि मधलंच काही बदलायचं झालं तर पुढचं सगळं उचलून पुन्हा लिहावं लागतं, तो त्रास कसा कमी करायचा, हे तुझं काम. इथपर्यंत मी ऐकलं. मग तू म्हणालीस, "आईची गाणी मला द्या, मी ती अशा नव्या तबकडीवर घेते. आईच्या ओळींवर ओळी चढवायच्या." आता तूच सांग, कोणत्या नवऱ्याला हे ऐकवेल? माझ्या बायकोवर कोण कशाला काय चढवणार? मी नाही म्हणालो. आणि तू म्हणालीस, "आबा, तुम्ही आईला दुसऱ्यांदा पेटीत घातलंत." नवं वर्ष लागायच्या आधी निघून गेलीस.

बरं. तर डबी सुखरूप आहे. तू गेल्यावर मी ती पत्र्याच्या पेटीतून काढली, कारण पेटीला दमट वास यायला लागला होता. जिथे आपण सगळ्यात जपून ठेवायची वस्तू ठेवतो तिथे ठेवली आहे. बियाण्यात. मक्याच्या आणि तुरीच्या बियाण्याबरोबर मडक्यात, चाळलेल्या राखेत, वर कडुलिंबाचा पाला. ना किडा, ना ओल.

एक सहज विचारायचं होतं. अशी डबी कधी टकटक वाजली, म्हणजे समज एखाद्याची वाजली, तर त्याचा अर्थ काय असतो? सहज विचारतो.

तुझा,
आबा


१७ मे

चि. आशा,

तुझं पत्र आलं नाही. पोस्टमन इंद्रसिंग म्हणतो, "बाबा, आजकाल पत्राला उत्तर द्यायचं असतं हे मुलांना ठाऊक नसतं." मी त्याला म्हटलं, माझ्या मुलीला सगळं ठाऊक असतं.

पण तू वसीमला उत्तर दिलंस. आणि लगेच दिलंस.

मी सगळं सांगतो. तुला वसीमनं अर्धं सांगितलंच असेल. नवापूरच्या बाजारात बसस्टँडसमोर मोबाइल आणि संगणक दुरुस्त करतो तो. त्याच्या बापाचं तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तू लहानपणी तिथे काचेला नाक लावून उभी राहायचीस. मागच्या महिन्यात बियाणं काढताना मी डबीही काढली. वाटलं, एकदा रूपीचा आवाज ऐकावा. शाळेतल्या संगणकाला लावली तर ती टकटक करायला लागली. सुतारपक्षी लाकडावर चोच मारतो तसं. म्हणून मी ते सहज विचारलं होतं. सहज नव्हतं.

मग वसीमकडे घेऊन गेलो. त्यानं ती हातात घेतली, हलवली, हुंगली. आधी मला वाटलं हा काय हुंगतो.

"काका, हाई कोठे ठेयेल व्हती?"

"बियाण्यात."

"बियाण्यामा म्हणजे?"

"राखेत."

त्यानं कपाळाला हात लावला. "राखमा? काका, हाई मशीन शे, मक्का नई!"

दुकानातली माणसं हसली. मी म्हटलं, "हसू नका, मका सहा महिने टिकतो."

तो म्हणाला, "मका टिकस. पण येले श्वास लेवाले बारीक भोक ऱ्हास. त्यामा राख गई."

आशा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ती श्वास घेते हे सांगितलं असतंस तर मी तिला राखेत घातली नसती. जी वस्तू श्वास घेते तिला कुणी राखेत घालत नाही, हे मला पाचवी शिकून कळतं. मला वाटलं ती बी आहे. बी श्वास रोखून पडून राहतं आणि वेळ आली की उगवतं. तुझ्या आईच्या गाण्यांचं मला तसंच वाटलं होतं.

वसीमनं ब्रशनं बाहेरची राख काढली, बारीक फुंकर मारणारं काहीतरी यंत्र मारलं, आणि लावून बघितली. टकटक झालं, मग थांबलं, मग पडद्यावर नावं आली. तो म्हणाला, एक लावून बघू का? मी हो म्हणालो. नको म्हणायला पाहिजे होतं का? तू असतीस तर नको म्हणाली असतीस. पण मी हो म्हणालो.

ते कौलांचं गाणं लागलं. मास्तर एकदा आपल्याकडे चहाला आले होते आणि आम्ही पाखं शाकारत होतो, तेव्हाचं असावं. रूपी गात होती. मागे कोंबड्या. कौलावर कौल बसल्याचा आवाज, तो खट्ट असा. आणि गाण्याच्या मधोमध एक माणूस खेकसला, "दे, पुढचं दे!" वसीम दचकला. म्हणाला, "हाऊ कोन?" मी म्हटलं, मी.

मग टकटक सुरू झालं आणि आवाज गेला. सगळाच गेला. पडद्यावरची नावंही गेली.

त्यानंतर वसीमनं माझ्याकडून नंबर घेऊन तुला डबीचा फोटो पाठवला आणि तुझा निरोप आला: "आता पुन्हा अजिबात चालू करू नका. जितक्या वेळा चालू कराल तितकी आतली तबकडी खरवडेल. आत जे आहे ते अजून वाचता येण्याची शक्यता आहे, पण नव्यानं चालू केलं तर ती राहणार नाही." वसीमनं तो मला दोनदा वाचून दाखवला. मला तिसऱ्यांदा ऐकायचा होता, कारण त्यात तुझं बोलणं होतं, पण विचारलं नाही.

निरोप त्याला होता. मला नव्हता. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

डबी आता स्वच्छ फडक्यात आहे, राखेत नाही, पेटीतही नाही. कोनाड्यात ठेवली आहे, बायबलच्या बाजूला. दिवसातून एकदा धूळ बसली का बघतो. पुसत नाही, नुसती बघतो. पुसली तर चालतं का?

आबा


२६ मे

चि. आशा,

आज मी जरा दमानं लिहिणार आहे, कारण मला एक गोष्ट समजली आहे आणि ती मला नीट सांगायची आहे.

आधी वाईट ते सांगतो. मी परवा पुन्हा वसीमकडे गेलो. डबी घेऊन गेलो. मला वाटलं, ते गाणं अर्धंच ऐकलं, निदान तेवढं पुरं ऐकावं. मग राहील नाही राहील. म्हातारपणी माणसाला असं होतं, पुढचं ठाऊक नसतं म्हणून हातातलं खाऊन टाकावंसं वाटतं. मी त्याला म्हटलं, "लाव."

तो म्हणाला, "नई लावस."

"डबी माझी आहे."

"डबी तुमनी शे. आवाज तुमना एकलाना नई."

मी रागावलो. म्हटलं, तुझा बाप असता तर लावली असती. तो म्हणाला, "मन्हा बाप ऱ्हाता ते तुमले दुकानमाईन हाकली देता." खरंच आहे. त्याचा बाप असाच होता.

मग त्यानं चहा मागवला आणि फोन काढला. म्हणाला, "बसा काका. तुमनी पोरनं मले काय लिखेल शे ते ऐका. तिनं सांगेल व्हतं, आबाले सांगू नको. पण मी सांगस." तो मग शाळेतल्या मुलासारखा मोठ्यानं वाचत गेला. तू लिहिलं होतंस की तुझी लिहिण्याची नवी रीत जूनच्या मध्यात पहिल्यांदा खऱ्या तबकडीवर तपासली जाणार आहे. आतापर्यंत तुम्ही खोटे आकडे लिहून बघत होता. पहिली खरी गोष्ट कोणती लिहायची हे तुझ्या वरिष्ठांनी तुझ्यावर सोडलं आहे. आणि तू नाताळात घरी आलीस ती त्यासाठी. पहिली गोष्ट आईचा आवाज असावा म्हणून.

हे तू मला का नाही सांगितलंस? तू ओळी काढल्यास, लेखणी सांगितलीस, डोळा सांगितलास, आणि हे एवढं सांगितलं नाहीस. चूक तुझीही आहे. बरं, मी सांगू दिलं नाही असं म्हणशील. असेल.

आता चांगलं ते. काल आम्ही पूर्वेचं पाखं चाळायला घेतलं. मी वर, दलपत शिडीवर. वळचणीपासून वर आढ्याकडे जायचं असतं. खालची रांग आधी. तिच्यावर दुसरी रांग थोडी चढवून. दुसरीवर तिसरी. दलपतनं मला उलटं कौल दिलं, मी ओरडलो, तो म्हणाला, "वहिनी होती म्हणून तुझा संसार सरळ राहिला, नाहीतर तूही उलटाच." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हातातल्या कौलाकडेच बघत राहिलो.

कारण मी हातानं खालच्या कौलावर वरचं कौल चढवत होतो. आणि खालचं कौल कुठे गेलं नव्हतं. दाबलं गेलं, झाकलं गेलं, पण तिथेच होतं. पुसलं गेलं नव्हतं. उलट वरच्यामुळे ते धरून राहिलं होतं. जेवढी कड उघडी होती तेवढी पाणी पुढे जायला पुरेशी होती. तू म्हणाली होतीस ना, उघडी कड वाचायला पुरते. वरून म्हणजे पुसून नव्हे. आयुष्यभर मी हेच करत आलो, आणि तू तेच शब्द बोललीस तेव्हा मला दुसरंच काहीतरी ऐकू आलं.

आणि मग दुसरं समजलं, ते जास्त मोठं. मी विचारत होतो, माझ्या बायकोच्या ओळीवर कोण चढवणार? पण गाणं तर तिचंच आहे. पहिल्या ओळीवर येणार ती तिचीच दुसरी ओळ. तिच्यावर तिसरी, तीही तिचीच. आईच्या ओळीवर आईचीच ओळ. परकं कुणी नाहीच त्यात. परका असेल तर मीच, मध्येच खेकसणारा.

मी वरूनच दलपतला हे सांगितलं. तो म्हणाला, "खाली ये आधी, ऊन लागलंय तुला." कालीकाकूनं मात्र ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. तुझ्या आईबरोबर लग्नात गायची ती. ती म्हणाली, "डबीतलं काही फुटलेलं निघालं तर आशाला सांगा, मला येतात त्यातली पुष्कळ. मी म्हणून देईन. पण रूपीच्या जागी घालू नका, बाजूला ठेवा." मला ते पटलं. तुला पटतं का ते सांग.

आता माझी एक चिंता आहे आणि तिचं उत्तर तूच देऊ शकतेस. मधलं एक कौल फुटलं की मी वरच्या रांगा उतरवतो, अंगणात रचतो, मग नवं बसवतो, मग पुन्हा चढवतो. त्या वेळात घर उघडं असतं. ढग आला की जीव वर-खाली होतो. तुझ्या तबकडीवर मधलं बदलायला पुढच्या ओळी उचलता, तेव्हा त्या ओळी कुठे असतात? हवेत? आणि तेवढ्यात लाईट गेली तर? आपल्याकडे रोज जाते. तुमच्याकडे जात नसेल, पण वीज ती वीज. तू हे आधीच बघितलं असशील, एवढ्या वर्षांचं तुझं काम आहे. पण मी बघितलेलं नाही, म्हणून विचारतो. हसू नकोस. किंवा हस.

आबा


४ जून

चि. आशा,

वसीम स्वतः मोटारसायकलवरून पाड्यावर आला. रस्ता तुला ठाऊक आहे, त्याची गाडी दोनदा बंद पडली. कालीकाकूनं त्याला भाकरी खायला लावली. तुझा निरोप घेऊन आला होता. पहिल्यांदा त्यात माझं नाव होतं.

"आबांना सांगा, उतरवलेली कौलं जशी आधी अंगणात रचतात, तशी तबकडीवर एक कड अंगणासाठी राखलेली असते. उचललेलं सगळं आधी तिथे लिहिलं जातं. वरची रांग पुन्हा नीट बसेपर्यंत अंगण रिकामं करत नाहीत. मध्येच लाईट गेली तरी अंगणातलं जात नाही. आणि पाखंही एकसलग नसतं, मध्ये मध्ये मोकळी ओळ सोडून तुकडे केलेले असतात, म्हणजे एक तुकडा उतरवला तर बाकीचं घर झाकलेलं राहतं. ते तुकडे कसे पाडायचे, केव्हा उतरवायचे, हेच मी करते. आबांना हेही सांगा की हे मी पहिल्यांदा आमच्या घरावर बघितलं. शिडीखाली बसून."

वसीम म्हणाला, जगात सगळीकडे या लिहिण्याला कौलांवरूनच नाव पडलं आहे. मला ते खरं वाटलं नाही, पण तो शपथ घेऊन सांगतो.

मी तो निरोप त्याच्याकडून या पत्राच्या पहिल्या कागदामागे लिहून घेतला आहे, म्हणजे तो कागद मी ठेवतो, तुला हे दुसऱ्यावर उतरवून पाठवतो आहे. शिडीखाली तू बसायचीस ते मला आठवत नव्हतं. वरून मला खालचं दिसायचं नाही ना.

तर आता माझं ठरलं आहे. डबी कुणाच्या हातानं पाठवायची नाही, कुरियरनं तर नाहीच, ते पिशव्या कसे फेकतात ते मी बघितलं आहे. मी स्वतः आणतो. निरोपात पुढे तू म्हणालीस की तुमच्याकडे धूळ नसलेली बंद काचेची खोली आहे, तिथे ती उघडून आतली तबकडी साफ करून वाचता येईल, किती वाचेल ते सांगता येत नाही. चालेल. जेवढं वाचेल तेवढं. मला आता हमी नको आहे.

दलपत म्हणतो, "सुरतेच्या पुढे कधी गेला नाहीस, बंगळूरला जाऊन उतरशील की थेट समुद्रात?" मी म्हटलं, "बंगळुरात समुद्र नाही." तो म्हणाला, "तू गेलास की येईल." घाबरवतो आणि वर स्वतःच माझी पिशवी शिवतो आहे. नवापूरहून भुसावळ, तिथून पुढे, असं वसीमनं कागदावर लिहून दिलं आहे. मला फलाट चुकायची भीती वाटते. गाडीत झोप लागायची भीती वाटते. डबी मांडीवर ठेवावी की छातीशी धरावी हे कळत नाही. छातीशी धरली तर माझ्या अंगाची गरमी लागेल का? तिला रूपीच्या लुगड्यात गुंडाळणार आहे. धुतलेलं आहे, उन्हात वाळवलेलं, राखेचा कण नाही. भोकावर पदर येणार नाही असं गुंडाळीन.

पूर्वेचं पाखं बसवून झालं. पश्चिमेचं तसंच राहिलं आहे, कौलं अंगणात रचली आहेत. ती कोण चढवणार म्हणून मी तीन दिवस स्वतःचाच जीव खाल्ला. दलपत म्हणाला, "मी चढवीन." त्यानं चढवलं तर स्वयंपाकघरात टोपलं ठेवावं लागेल, हे मला माहीत आहे. ठेवू. मी आल्यावर पुन्हा चाळीन. घर भिजलं तर वाळतं.

आता दोन गोष्टी. एक, फुटलेली गाणी निघाली तर जागा मोकळी ठेव, तिथे दुसरं घालू नकोस. कालीकाकूचं वेगळं लिही, तिच्या नावानं. दोन, कौलांच्या गाण्यात मी मध्ये ओरडलो आहे. तुमच्या यंत्रानं तेवढंच काढून टाकता येतं असं वसीम म्हणाला. काढायचं असेल तर काढ, मी काही म्हणणार नाही. रात्री पडल्या पडल्या मात्र असं वाटतं की तिनं पुढचं दिलं ते मी मागितलं म्हणून दिलं. मी गप्प बसलो असतो तर ती गातच राहिली असती आणि हात रिकामा राहिला असता. पण हा तुझा निर्णय. लेखणी तुझ्या हातात आहे.

मी कधी निघू ते कळव. वसीमकडे नको, मला कळव. पोस्टानं, नाहीतर टेकडीवर फोन कर, मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसेन, दलपत खालून काही ओरडला तर लक्ष देऊ नकोस. तुझी चाचणी पंधरा तारखेला आहे असं वसीम म्हणाला, म्हणजे त्याच्या आत पोचायला हवं. पिशवी दाराशी आहे. तुझं पत्र नाही आलं तर मी निघायचं की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू म्हणशील, आबा, इतकं ठरवलंत, एवढंही ठरवा. पण हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. वर बसलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही, आशा. तो हात मागे करतो आणि थांबतो.

मी हात मागे केला आहे. दे, पुढचं दे.

तुझा,
आबा